सगळ्यांना सांगून ठेवलं होतं

माझा धाकटा भाऊ चष्मे करतो. आमच्या रस्त्यावर त्याला सगळे चष्मेकाका म्हणतात, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मी म्हणत नाही. लहानपणी ज्याचं नाक पुसलं, त्याला काका कशाला म्हणायचं?

दुकान खाली आणि घर वर. दुकानात पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, मागे पडदा, पडद्याआड भिंगं घासायचं यंत्र आणि फ्रेम तापवायची गरम हवेची पेटी. गिऱ्हाईक नवा चष्मा डोळ्यांवर चढवून आरशात बघायला लागलं की माझा भाऊ त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या कानामागे बघतो. तिथे काडीचा वळ उठलाय का ते तपासतो. "टोचतंय का कुठे?" हा त्याचा प्रश्न. गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी ह्याचा विश्वास बसत नाही. काडी तापवतो, किंचित वाकवतो, परत चढवतो, परत विचारतो. चष्मा नेऊन वर्ष उलटलेली माणसंसुद्धा नुसती काडी सैल झाली म्हणून येऊन बसतात, आणि हा हातातलं काम टाकून त्यांच्या काडीच्या मागे लागतो. मी कितीदा त्याला म्हटलं असेन, अरे, माणसाला सवय व्हायला दोन दिवस दे, आपोआप बसतो चष्मा नाकावर. तो म्हणतो, "दोन दिवस तरी का टोचावं, ताई?"



भावजयीची नोकरी दुसऱ्या गावी आहे. ती शनिवारी येते, रविवारी जाते. म्हणून घर बघायला मी इथे. आणि घर म्हणजे मुख्यतः माझी भाची.

भाची लहानपणी इतकी बडबडी होती की मी कानात बोटं घालायचे. मग एकदा वर्गात उभं राहून धडा वाचताना तिचा आवाज चिरकला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. एवढंच झालं. पण त्या एवढ्याशा गोष्टीने पोरीला पोखरायला सुरुवात केली. आधी वर्गात उत्तर देणं बंद झालं, मग मैत्रिणीच्या घरी जाणं, मग कोपऱ्यावर पाव आणायला जाणं. विचारलं की म्हणायची, "सगळे माझ्याकडे बघतात, आत्या. आणि मी पुढे गेले की माझ्याबद्दल बोलतात." मी म्हणायचे, "लोकांना काय दुसरे उद्योग नाहीत?" माझ्या मते हे फार समजूतदार उत्तर होतं. ती मान खाली घालून आत जायची.

रस्त्यावरून चालताना ती चष्मा काढून खिशात ठेवते, हे पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं. समोरची तोंडं पुसट झाली की तिला बरं वाटायचं. चष्मेवाल्याची पोर आणि बिनचष्म्याची ठेचकाळत चालते! भावाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी त्याने तिच्यासाठी नवी, अगदी हलकी फ्रेम काढली. त्याला वाटलं, जुनी टोचत असणार.

शेवटी तिचं शाळेत जाणंही बंद झालं. शाळेने समजून घेतलं, पण किती घेणार? घरी अभ्यास करून परीक्षा दे म्हणाले, मात्र नवं सत्र सुरू झालं की वर्गात येऊन बसायला हवं, नाहीतर वर्ष वाया. आणि आमच्याकडे समुपदेशक बाईंना पाठवून दिलं.

बाई वयाने लहान, पायात खेळाचे बूट, खांद्यावर त्यांच्याहून मोठी पिशवी. मी मनात म्हटलं, झालं, ही काय दिवे लावणार! पण त्या पोरीसमोर बसल्या आणि आम्ही सगळ्यांनी इतके दिवस जे तिच्या डोक्यावर आपटलं होतं, ते 'घाबरू नकोस' एकदाही म्हणाल्या नाहीत.

"घाबर की," त्या म्हणाल्या. "घाबरत घाबरत जा. फक्त जायच्या आधी मला सांग, काय होईल असं वाटतंय. आणि आल्यावर सांग, खरंच काय झालं."

"सगळे बघतील," भाची म्हणाली.

"हा तुझ्या मनात आलेला विचार झाला. मनात आला म्हणून तो खरा असतोच असं नाही. खोटाच असतो असंही नाही. आपण तपासून बघू."

मग त्यांनी दोघींनी मिळून पायऱ्या ठरवल्या. सोपी आधी, अवघड नंतर. पहिल्यांदा नुसतं पावाच्या दुकानात जाऊन पाव मागायचा. मग औषधाच्या दुकानात जाऊन एखाद्या गोष्टीची किंमत विचारायची आणि न घेता परत यायचं. मग वाचनालयाच्या शांततेत मुद्दाम काहीतरी खाली पाडायचं. चष्मा काढायचा नाही. बोलायचं वाक्य घरून पाठ करून न्यायचं नाही. छातीतली धडधड मोजत बसायचं नाही, त्याऐवजी लोकांच्या पायांत कसले बूट आहेत ते बघायचं. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर तिचा वर्ग, तिचा बाक.

निघताना बाई माझ्या भावाला म्हणाल्या, "तुम्ही फक्त एक करा. काहीही करू नका. तिला थोडं टोचू द्या."

भावाने मान हलवली. ती मान मी ओळखते. एखादं गिऱ्हाईक चेहऱ्याला न शोभणारी फ्रेम उचलतं तेव्हा तो अशीच मान हलवतो आणि मग स्वतःला हवं तेच करतो. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मी पडले साधी बाई.

पहिल्या दिवशी ती पावाच्या दुकानापर्यंत गेली, परत आली, परत गेली. शेवटी पाव घेऊन आली तेव्हा घामाने तिची पाठ भिजली होती. पण तिच्या हातात पाव होता! मी तो पाव असा कापला की जणू बक्षीस मिळालंय. पुढच्या खेपेला ती लवकर परत आली. "पाववाल्या काकू किती छान बोलल्या," म्हणाली. मग औषधाचं दुकान झालं. तो औषधवाला म्हणजे आमच्या रस्त्यावरचा जमदग्नी. सुट्टे मागितले तरी खेकसतो. ह्या पोरीने किंमत विचारली आणि काही न घेता निघाली, तर तो हसून म्हणाला, "काही हरकत नाही, पुन्हा ये हं." तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हातातला चमचा खाली ठेवला. म्हटलं, हा माणूस हसतो?

मग वाचनालय. तिने तिथे आपली पत्र्याची कंपासपेटी टेबलावरून खाली ढकलली. खणखणाट झाला, पेन्सिली चारी दिशांना पळाल्या. ती धावतच घरी आली, गाल लाल झालेले.

"आत्या, कोणी मानसुद्धा वर केली नाही! एकानेही नाही!"

मी हसले, तीही हसली. कित्येक दिवसांनी तिच्या हसण्याचा आवाज ऐकला. भाऊ पडद्याआडून बाहेर आला आणि डोळे पुसत परत आत गेला. म्हटलं, बापाचा जीव आहे.

समुपदेशक बाईंना मात्र तेवढा आनंद झाला नाही. त्या खुश होत्या, पण कपाळावर एक आठी होती. "एकसुद्धा माणूस उद्धट भेटला नाही?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "मला तिला एखादा तिरसट माणूस भेटायला हवा आहे. तो तिरसट बोलेल, हिला वाईट वाटेल, आणि तरी हिचं काही बिघडणार नाही. ते शिकणं राहिलंय." मी म्हटलं, "आमचा रस्ता चांगला आहे हो." त्या वेळी मला रस्त्याचा अभिमानसुद्धा वाटला.

नवं सत्र तोंडावर आलं होतं. गणवेश इस्त्री करून खुंटीला टांगला होता. भाची आणि मी पाव आणायला गेलो. तिने पाव मागितला, वर विचारलं, "कालचा आहे की आजचा?" हे तिने ठरवून नव्हतं विचारलं, सहज तोंडातून आलं. पाववाल्या काकूंना इतकं कौतुक वाटलं की त्यांना भान राहिलं नाही.

"बघ, बघ, किती मोकळी बोलायला लागलीस! आजच सांगते तुझ्या बाबांना. रोज विचारतात बिचारे, आज कशी बोलली, अडखळली का."

भाचीचा हात पैसे देता देता थांबला. "रोज?"

"अगं, म्हणजे..." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला, कारण मला त्याच क्षणी सगळं कळलं. औषधवाल्याचं हसू, वाचनालयातल्या त्या खाली घातलेल्या माना, पडद्याआड पुसलेले डोळे, सगळं. मला ह्यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला वाटलं, ती आता पळत घरी जाईल. ती गेली नाही. ती सरळ औषधाच्या दुकानात शिरली. मी पावाची पिशवी घेऊन मागे. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांची तोंडं वळली.

"काका, माझ्याबद्दल बाबा तुमच्याशी बोलले होते?"

औषधवाला गडबडला. "अगं, काळजीपोटी गं..."

"काय म्हणाले होते?"

"हसून बोला म्हणाले. ताटकळत ठेवू नका म्हणाले."

तिचा आवाज चिरकला नाही. चष्मा डोळ्यांवर होता, मान ताठ होती. तिथून ती वाचनालयात गेली. टेबलामागचे म्हातारे गृहस्थ तिला बघताच उभे राहिले, म्हणजे बातमी पुढे पोचली होती. "त्या दिवशी माझी पेटी पडली तेव्हा?" तिने विचारलं. ते फार चांगले आहेत, त्यांना खोटं बोलता येत नाही. "आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, बाळ," ते म्हणाले. "एकाला हसू येत होतं, त्याला मी बाहेर पाठवलं."

सगळा रस्ता तिने असा विचारत पालथा घातला. सायकलवाल्याला विचारलं, बसथांब्यावरच्या बाईंना विचारलं. अनोळखी माणसांच्या घोळक्यात जाऊन स्पष्ट आवाजात प्रश्न विचारणं ही तर बाईंनी फार वरची पायरी ठेवली होती, आणि ती एका दमात त्या पायरीवर चढून उभी होती. तिला थांबवावं तर कुठल्या तोंडाने?

शेवटी आमचं दुकान. भावाने एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवलेली होती. ती दारात उभी राहिली.

"बाबा, सगळे माझ्याबद्दल बोलत होते."

"कोणी वाईट बोलत नव्हतं गं..."

"बोलत होते की नाही?"

भावाने स्क्रू पिरगाळायचा पेचकस खाली ठेवला. "होते."

"आणि माझ्याकडे बघत होते."

"हो."

"मग माझंच बरोबर होतं," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली. गिऱ्हाईक बिचारं त्या जाड फ्रेममधून एकदा ह्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत बसलं.

मी भावाला झाडलं. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी दारातून बघत होतो, ताई. ती दुकानापर्यंत गेली आणि परत फिरली. परत गेली, परत फिरली. मला बघवेना. मी मागच्या बाजूने जाऊन काकूंना म्हटलं, जरा सांभाळून घ्या. मग वाटलं, काकूंनी सांभाळलं आणि औषधवाला खेकसला तर?" असं करत करत त्याने अख्खा रस्ता वाकवून घेतला होता. मला त्याचा इतका राग आला होता आणि तो समोर असा बसला होता की मला रडूच आलं.

बाई आल्या. भाचीने दार उघडलं नाही. बाई दाराबाहेर जमिनीवर बसून पुष्कळ वेळ बोलल्या. मग खाली आल्या.

"तुम्ही तिला सांगा की हे सगळं प्रेमापोटी झालं," भाऊ म्हणाला.

"ते तिला माहीत आहे. त्याचा उपयोग नाही. मी तिला म्हटलं होतं, विचार तपासून बघ. तिने तपासला, आणि तो खरा निघाला. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की परत तपास?" बाईंनी पिशवी खांद्यावर घेतली. "चूक माझीही आहे. काहीही करू नका हे सांगून मी मोकळी झाले. तुम्हाला ते जमणारं नव्हतं, ते मला दिसायला हवं होतं."

शाळा सुरू झाली. गणवेश खुंटीलाच राहिला. शाळेने आणखी थोडे दिवस वाट बघितली, मग वर्ष गेलं ते गेलंच. शनिवारी भावजय आली, लेकीच्या दाराशी बसली, नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि रविवारी डोळे सुजवून गेली. भाची जेवायला बाहेर यायची, ताट घासून ठेवायची, आत जायची. भांडली असती तर बरं झालं असतं. ती बापाशी नीट, हळू आवाजात बोलायची, आणि त्यानेच त्याचा जीव जात होता.

मग एका दुपारी, कोणी न सांगता, ती चपला घालून जिना उतरली. डोळ्यांवर चष्मा होता. मी दुकानाच्या पायरीवर भाजी निवडत बसले होते. श्वास रोखून बघत राहिले.

पाववाल्या काकू दारात उभ्या होत्या. ती दिसताच त्या पाठ वळवून बिस्किटांच्या बरण्या पुसायला लागल्या. औषधवाला फळीकडे तोंड करून उभा राहिला. सायकलवाल्याने चाकात डोकं घातलं. दोघी बायका गप्पा मारत होत्या, त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि दोघी आभाळाकडे बघायला लागल्या. आभाळात काही नव्हतं. ती जसजशी पुढे जाईल तसतशी तिच्या पुढची माणसं गप्प होत गेली, माना खाली जात गेल्या. भर दुपारी आमचा रस्ता तसा गप्प झालेला मी कधी बघितला नव्हता.

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. चारी बाजूंना बघितलं. मग वळून सरळ दुकानात आली.

"बाबा, ह्या वेळी काय सांगितलंत?"

भावाला तेव्हा तरी खोटं बोलता यावं असं मला फार वाटलं. पण त्याला ते येत नाही. "काही नाही गं. तिच्याकडे बघू नका, एवढंच म्हटलं. नेहमीसारखे राहा म्हटलं."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. लहान पोराने परत काहीतरी सांडून ठेवल्यावर आई बघते तसं तिने बघितलं. "बरं," म्हणाली आणि वर गेली.

बाई तरी येत राहिल्या, त्यांच्या चिकाटीला मानलं पाहिजे. शेवटी त्यांनीच सुचवलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथे कोणी ओळखत नाही, आणि पाव मागण्यापासून परत सुरू करू. भाची कबूल झाली, पण तिची एक अट होती. ती तिने स्वयंपाकघरात बापाच्या समोरच सांगितली.

"आम्ही कुठे जातो ते बाबांना कळता कामा नये. आत्यालासुद्धा नाही."

"मी काय केलं?" मी म्हटलं.

"तू काही नाही केलंस. पण तू बाबांना सांगशील."

भाऊ म्हणाला, "बरोबर आहे तिचं." एवढं बोलून तो पाणी प्यायला आणि खाली गेला.

पहिल्यांदा त्या दोघी निघाल्या तेव्हा तो दुकानात होता. बस कुठली आहे ते बघायला तो पायरीपर्यंत आला, तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. बस गेली. दुपार सरेना. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. भावाने त्याला टोचतंय का ते विचारलं, पण उत्तर ऐकलं की नाही कोण जाणे.

मग त्याने फोन उचलला. मी बघत होते. गावभर त्याची गिऱ्हाइकं, कुठल्याही कोपऱ्यातल्या कुठल्याही दुकानात त्याने केलेला चष्मा घातलेलं कोणीतरी बसलेलं असतं. त्याचा अंगठा नावांवरून खाली सरकत गेला, वर आला, परत खाली गेला. पण कुणाला सांगणार? ती कुठे आहे तेच त्याला माहीत नव्हतं.

"ताई, तिला तिथे कोणी तोडून बोललं तर?"

"बोलू दे," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला खोटा वाटला. माझ्याही मनात तेच चाललं होतं, की कुणाला तरी फोन लावावा आणि सांगावं, अहो, आमची एक पोरगी येईल, चष्मा आहे, जरा घाबरट आहे, तेवढं सांभाळून घ्या.

त्याने फोन खाली ठेवला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.